पाखरांची बाई आणि आटलेली दलदल

१९०४ साली न्यूयॉर्कच्या डबलडे, पेज आणि कंपनी या प्रकाशनसंस्थेने ‘फ्रेकल्स’ नावाची एक कादंबरी प्रसिद्ध केली. पुस्तकाची बांधणी हिरव्या रंगाची होती आणि त्या हिरव्या रंगानेच आपल्या पुस्तकाचा घात केला, असे लेखिका पुढे सांगत असे. पुष्कळांनी ते पशुपक्ष्यांविषयीचे माहितीपर पुस्तक समजून खाली ठेवले. कादंबरीच्या शोधात आलेल्यांना त्यात कादंबरी दिसेना आणि निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना कादंबरी नको होती. दोनतीन वर्षे पुस्तक असेच रखडले. मग एका वाचकाने दुसऱ्याच्या कानी घातले, दुसऱ्याने तिसऱ्याच्या; आणि कालांतराने या पुस्तकाच्या प्रतींनी दहा लाखांचा आकडाही मागे टाकला.

या लेखिकेचे नाव जीन स्ट्रॅटन-पोर्टर (१८६३-१९२४). आपल्याकडे हे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत त्यांची पुस्तके घरोघर होती. येल विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम लायन फेल्प्स यांनी १९२१ साली त्यांची तुलना यलोस्टोन उद्यानाशी केली. त्या लेखिका नसून एक सार्वजनिक संस्थाच आहेत, असा त्यांचा अभिप्राय. निसर्गाचे ज्ञान कथेच्या पुडीत बांधून लोकांच्या हाती द्यायचे, हा पोर्टरबाईंनी आयुष्यभर चालविलेला व्यवहार होता. तो यशस्वी झाला यात शंका नाही. परंतु ज्या दलदलीच्या जिवावर तो उभा राहिला, ती दलदल त्यांची पुस्तके खपत असतानाच नकाशावरून पुसली गेली. फेल्प्स यांचे यलोस्टोन शाबूत राहिले. पोर्टरबाईंचे लिम्बरलॉस्ट राहिले नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय बाईंच्या कार्याचे खरे मोल कळत नाही, असे मला वाटते.

इंडियाना राज्यातील वाबाश परगण्यात, एका शेतकऱ्याच्या घरी १७ ऑगस्ट १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत हे शेंडेफळ. नाव जिनीव्हा ग्रेस. वडील मार्क स्ट्रॅटन शेती सांभाळून मेथडिस्ट पंथात प्रवचनेही करीत. आई विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मुलीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. आणि ही सवड नसणे तिच्या पथ्यावर पडले. दिवसभर ती शेताच्या बांधांवर आणि ओढ्याकाठी भटके. शेतावरील सगळी पाखरे वडिलांनी तिला देऊन टाकली होती, म्हणजे त्यांची राखण तिच्याकडे सोपविली होती. हे दान तिने अक्षरशः खरे मानले. घरटी शोधून काढायची, रोज त्यांच्याकडे फेरी मारायची, पिलांना चारा द्यायचा, हा तिचा नित्यक्रम झाला. १८७२ मध्ये लाडका भाऊ लिअँडर वाबाश नदीत बुडून गेला. घरात त्याला ‘लॅडी’ म्हणत. पुढे १९१३ साली त्याच नावाची कादंबरी लिहून बहिणीने त्याला पुन्हा घरी आणले. १८७४ मध्ये कुटुंब वाबाश शहरात राहावयास गेले आणि दुसऱ्याच वर्षी आईचे निधन झाले. शाळेत तिचे मन कधी रमले नाही; माध्यमिक शिक्षणही पुरे झाले नाही.

१८८६ साली तिचा विवाह चार्ल्स पोर्टर या औषधविक्रेत्याशी झाला. वयाने ते तिच्याहून तेरा वर्षांनी मोठे. पुढील वर्षी कन्या झाली आणि थोड्याच दिवसांत हे कुटुंब जिनीव्हा या लहानशा गावी स्थायिक झाले. गावाचे नाव आणि बाईंचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग. गावाच्या सीमेपासून पुढे पसरली होती लिम्बरलॉस्ट नावाची दलदल.

या नावामागची कथा अशी सांगतात की, लवचिक अंगाचा म्हणून ‘लिम्बर जिम’ असे टोपणनाव पडलेला एक शिकारी त्या दलदलीत वाट चुकला आणि ‘लिम्बर हरवला’ ही गावातील हाकाटीच पुढे त्या जागेचे नाव होऊन बसली. खरेखोटे असो, नाव जागेला शोभणारे होते. सुमारे १३,००० एकरांचा तो प्रदेश. उंच ओक आणि एल्म वृक्ष, त्यांच्या बुंध्यांशी वर्षातील बरेच महिने साचलेले पाणी, पाय टाकताच गिळणारा चिखल, विषारी खुळखुळे साप, डासांचे थवे. आणि माणसांत म्हणाल तर लाकूडचोर व कायद्यापासून पळालेले. भल्या घरच्या स्त्रीने तिकडे फिरकू नये, अशी ती जागा. सुरुवातीस पोर्टर महाशयांनीही पत्नीला एकटीने जाण्यास मनाई केली होती. पुढे मात्र दुकानाचे काम आटोपून तेच तिच्यासोबत जाऊ लागले.

१८९५ च्या नाताळात पती आणि कन्येने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्या एका भेटीने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. त्या काळी पक्ष्यांची चित्रे काढायची तर पक्षी मारून, पेंढा भरून, फांदीवर बसवून काढण्याची चाल होती. बाईंनी तो मार्ग नाकारला. पाखरू जिवंत, आपल्या घरट्यावर, आपल्या पिलांपाशी दिसले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी काचेच्या पट्ट्या आणि अवजड पेटी घेऊन त्या दिवसेंदिवस चिखलात उभ्या राहत. घरी वेगळी अंधारी खोली नव्हती. न्हाणीघराच्या फटी बुजवून तेथेच त्या छायाचित्रे धूत आणि त्यासाठी स्वयंपाकघरातील मोठी तबके वापरीत. १९०० च्या फेब्रुवारीत ‘रिक्रिएशन’ मासिकात त्यांचा लेख आला. स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, किंबहुना अख्खे पक्षी खोवण्याच्या फॅशनचा त्यात समाचार घेतला होता. लिहिण्याचा हा उद्योग त्यांनी घरच्यांपासूनही लपविला होता. साभार परत आलेले लिखाण कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून पोस्टात एक स्वतंत्र पेटी भाड्याने घेतली होती. पहिल्या लिखाणाची ही धाकधूक लेखकमंडळींच्या ओळखीची असेल.

पहिली कादंबरी ‘द साँग ऑफ द कार्डिनल’ ही १९०३ ची. कार्डिनल म्हणजे अमेरिकेतील लालभडक तुऱ्याचा पक्षी. रोमच्या कार्डिनलांच्या झग्यावरूनच त्याला ते नाव पडले. रस्त्याच्या कडेला अशा एका पक्ष्याचे प्रेत बाईंना दिसले. कोणीतरी गंमत म्हणून गोळी झाडली होती. त्यांनी ते कलेवर पुरले, घरी येऊन एक कथा लिहिली आणि ‘सेंच्युरी’ मासिकाचे संपादक गिल्डर यांच्या सूचनेवरून तिची लहान कादंबरी केली. इंडियानापोलिसच्या बॉब्ज-मेरिल संस्थेने ती बाईंनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांसह छापली. नायक पक्षीच. पुस्तकाची वाहवा झाली, पण खप बेताचा.

यातून बाईंनी जो बोध घेतला तो त्यांच्या व्यवहारचातुर्याची साक्ष देतो. माणसांना माणसांची गोष्ट हवी असते. तेव्हा गोष्ट माणसांची सांगायची आणि पाखरांना तिच्या पाठीवर बसवून वाचकाच्या घरात न्यायचे. याच सुमारास एक संधी चालून आली. दलदलीत काम करणाऱ्या माणसांनी बातमी आणली की, एका पोकळ एल्मच्या ओंडक्यात काळ्या गिधाडाचे घरटे आहे. आठवड्यांमागून आठवडे बाई पतीला बरोबर घेऊन तेथे जात राहिल्या. सडक्या मांसाची दुर्गंधी, उन्हाळ्याचा उकाडा, गळ्यापर्यंत येणारे गवत. आणि ओंडक्याच्या तोंडाशी पांढऱ्या लवेचे एक पिलू. त्याचे ‘लिटल चिकन’ असे लाडके नाव ठेवून त्यांनी त्याच्या वाढीची छायाचित्रमालिकाच तयार केली.

ते पिलू आणि ती दलदल म्हणजे ‘फ्रेकल्स’चे बीज. शिकागोच्या अनाथाश्रमातून आलेला, एक हात नसलेला पोर लिम्बरलॉस्टमधील मौल्यवान वृक्षांवर पहारा करण्याची नोकरी पत्करतो. सात मैलांचे कुंपण. त्याची फेरी रोज घालायची. पहिले काही महिने त्याला झाडाझुडपांची आणि आवाजांची भीती वाटते. मग कडाक्याच्या थंडीत उपाशी पाखरांना दाणे घालता घालता ती त्याची सोबती होतात. गिधाडे तर त्याची ‘कोंबडीची पिले’च. लेवीयाच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायात ज्या पक्ष्यांना अमंगळ म्हणून दूर ठेवण्यास सांगितले आहे, त्यांत गिधाड आहे हे आपल्याला ठाऊक आहे. प्रवचनकाराच्या या मुलीलाही ते ठाऊक होतेच. तरी तिने एका टाकून दिलेल्या पोराच्या हाती नेमके तेच पाखरू दिले. मला या कादंबरीतील सर्वांत चांगली जागा हीच वाटते. शेवटी तो पोर एका खानदानी आयरिश घराण्यातला निघतो, त्याला एक सुंदर, श्रीमंत मुलगी भेटते वगैरे भाग फारच गोड झाला आहे, आणि समीक्षकांनी त्यावर टीका केली तर ती गैर नव्हे. कादंबरीत ‘पाखरांची बाई’ म्हणून कॅमेरा घेऊन हिंडणारी एक स्त्री आहे. त्या अर्थातच पोर्टरबाई स्वतः.

हस्तलिखित पाहून जाणकारांनी सल्ला दिला होता की, निसर्गाचा मजकूर कापून काढा, पुस्तक धो धो खपेल. बाईंनी तो मानला नाही. परंतु खप वाढू लागल्यावर त्यांनी प्रकाशक फ्रँक डबलडे यांच्याशी जो समझोता केला तो प्रकाशनाच्या इतिहासात नोंदवून ठेवावा असा आहे. एक कादंबरी, मग एक निसर्गग्रंथ, मग पुन्हा कादंबरी, अशी पाळी ठरली. कादंबरीने पैसा आणायचा आणि निसर्गग्रंथाने, गुळगुळीत कागद व रंगीत चित्रे लागत असल्यामुळे, तो खर्चायचा. डबलडे यांच्या पत्नी ‘नेल्टिया ब्लँचन’ या नावाने पक्ष्यांवर पुस्तके लिहीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घरात हे बोलणे का मान्य झाले असावे याचा अंदाज येतो. पाळी नेहमी काटेकोरपणे पाळली गेली असे नाही, काही निसर्गग्रंथ अन्य संस्थांनीही काढले; पण बाईंची नीती तीच राहिली.

प्रसाराच्या बाबतीतही ही जोडी हुशार होती. बाईंच्या अनेक कादंबऱ्या त्यांच्या वाढदिवशी, १७ ऑगस्टला, प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला. १९१५ मध्ये प्रकाशकांनी ‘पाखरांच्या बाईं’च्या जीवनावर एक छोटी पुस्तिका काढली. लेखिकाच आपल्या कथेतील पात्र आणि तीच कथेची जाहिरात, असा तो त्रिवेणी संगम. आजच्या प्रसिद्धीतंत्राला त्यात नवल वाटणार नाही, पण त्या काळात, खेडेगावात राहणाऱ्या एका गृहिणीच्या बाबतीत, ते नवलच होते.

१९०९ हे साल आपल्या दृष्टीने विशेष. त्या वर्षी त्यांची दोन पुस्तके आली. एक ‘बर्ड्‌स ऑफ द बायबल’. नोहाने तारवातून आधी सोडलेला कावळा आणि मग कबुतर, एलियाला भाकर पुरविणारे कावळे, ईयोबच्या ग्रंथातील शहामृग, आपला काळ ओळखणारा यिर्मयाचा करकोचा, अशा पवित्र शास्त्रातील पाखरांचा त्यांनी निसर्गाभ्यासकाच्या नजरेने मागोवा घेतला. वडिलांचे प्रवचनपीठ आणि वडिलांनी दिलेली पाखरे, दोन्ही या पुस्तकात एकत्र आली आहेत. अर्थात असे पुस्तक कादंबरीच्या तोडीने खपणे शक्य नव्हते.

दुसरे पुस्तक ‘अ गर्ल ऑफ द लिम्बरलॉस्ट’. एल्नोरा कॉमस्टॉक ही गरीब मुलगी हायस्कूलची फी आणि पुस्तकांचा खर्च भागविण्यासाठी दलदलीतील पतंग पकडून संग्राहकांना विकते. रात्री दिव्यावर येणारे ते मोठे, मखमली पंखांचे पतंग बाईंच्या घरातही असत. कोश खोल्याखोल्यांतून ठेवलेले. सिक्रोपिया जातीची मादी कोशातून बाहेर पडली की तिच्या गंधाने दूरवरचे नर रात्री तिच्याकडे ओढले जात. या अभ्यासाचा ग्रंथ ‘मॉथ्स ऑफ द लिम्बरलॉस्ट’ १९१२ मध्ये आला; त्यातील चित्रे बाईंनी स्वतः रंगविली. कादंबरीतील खरा जीव मात्र एल्नोराच्या आईत आहे. नवरा तिच्या डोळ्यांदेखत दलदलीत बुडाला, प्रसूतीच्या वेणांमुळे तिला त्याला वाचविता आले नाही, आणि त्याचा राग ती वर्षानुवर्षे मुलीवर काढते. तीच आई शेजारीपाजारी झाडे विकून, तेलाच्या विहिरी खणून गबर होत असताना आपल्या जमिनीवरील एकही झाड तोडू देत नाही.

आणि येथे वाचकाने थोडे थांबावे. पोर्टर कुटुंबाचे काय? १८९५ च्या सुमारास बांधलेल्या त्यांच्या चौदा खोल्यांच्या ‘लिम्बरलॉस्ट केबिन’मागे औषधांच्या दुकानाचा पैसा होता, पोर्टर महाशयांनी काढलेल्या बँकेचा होता आणि त्यांच्या शेतावरील तेलविहिरींचाही होता. जी भरभराट दलदल गिळत होती तिच्याच ताटात हे घर जेवत होते. ‘फ्रेकल्स’ही ज्या वृक्षांची राखण करतो ती शेवटी लाकूड कंपनीसाठीच, चोरांनी तोडू नयेत, मालकांनी तोडावेत, एवढाच फरक. हे सांगण्यात बाईंना खाली पाहायला लावण्याचा हेतू नाही. त्या काळच्या इंडियानात दलदल उपसणे म्हणजे प्रगती आणि आरोग्य हे समीकरण होते, कारण तेथे हिवताप होता आणि खालची काळी माती सोन्यासारखी होती. वाफेच्या यंत्रांनी मोठे चर खणले, शेतांखाली भाजक्या मातीचे नळ पुरले आणि पाणी वाबाश नदीकडे वळविले. १८८८ ते १९१० या काळात लिम्बरलॉस्टची शेते झाली. म्हणजे १९०९ च्या वाचकाने एल्नोराची गोष्ट वाचली तेव्हा तिची दलदल बहुतांशी संपली होती.

१९११ च्या ‘द हार्व्हेस्टर’मध्ये बाईंनी जंगलात औषधी वनस्पती वाढविणारा नायक रंगविला आणि पुस्तक थोरोला अर्पण केले. १९१२ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी तीच. त्या पैशातून त्यांनी नायकाचे स्वप्न स्वतःच पुरे करायला घेतले. उत्तरेकडील सिल्व्हन सरोवराकाठी जमीन घेतली, १९१४ मध्ये तेथे दुसरे घर बांधले आणि ज्या ज्या पाणथळ जागा उपसल्या जात होत्या तेथील रानफुलांची हजारो रोपे मुळांसकट आणून आपल्या रानात लावली. १९१७ पासून त्या उघडपणे मैदानात उतरल्या. नोबल आणि लाग्रेंज परगण्यांतील पाणथळींचा निचरा करू देणाऱ्या कायद्याविरुद्ध त्यांनी इतरांसह आवाज उठविला. १९२० मध्ये तो कायदा रद्द झाला. १९२२ पासून ‘मॅकॉल्स’ या स्त्रियांच्या मासिकात त्यांचे स्वतःचे पान सुरू झाले. एका वाचकप्रिय कादंबरीकाराचा शब्द विधिमंडळातही वजनदार ठरू शकतो, हे लिम्बरलॉस्टच्या बाबतीत फार उशिरा उमगले.

१९१९ नंतर त्या कॅलिफोर्नियात गेल्या. या पर्वाविषयी लिहिताना लेखणी अडखळते. १९२१ च्या ‘हर फादर्स डॉटर’मध्ये वाळवंटातील वनस्पतींची सुंदर वर्णने आहेत आणि त्यांच्याच शेजारी जपानी स्थलांतरितांविषयीचा उघड द्वेष आहे. वर्गात पहिला येणारा जपानी विद्यार्थी हा कपटी खलनायक; त्याच्यावर मात करणे हे गोऱ्या मुलांचे कर्तव्य. कॅलिफोर्नियाने १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी जपान्यांना जमिनीपासून वंचित केले, १९२४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना देशाचे दारच बंद केले. त्या हवेत हे पुस्तक खपले. गिधाडाच्या पिलात ज्यांना सौंदर्य दिसले त्यांना शेजारच्या बाकावरील मुलात माणूस दिसू नये, याचे दुःख होते. बाईंचे चरित्र सांगणाऱ्याने हे पान वगळू नये.

चित्रपटांकडेही त्यांचे लक्ष होते. १९१७ मध्ये ‘फ्रेकल्स’वर झालेला चित्रपट त्यांना रुचला नाही, म्हणून पुढे त्यांनी स्वतःचीच चित्रसंस्था काढली. परंतु ६ डिसेंबर १९२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या मोटारीची ट्रामगाडीशी टक्कर झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. शेवटची मोठी कादंबरी ‘द कीपर ऑफ द बीज’ १९२५ मध्ये, त्यांच्या पश्चात आली.

इंडियानातील त्यांची दोन्ही घरे आज राज्याची स्मारके आहेत. १९९९ मध्ये त्यांचे आणि कन्येचे अवशेष कॅलिफोर्नियातून आणून सिल्व्हन सरोवराकाठच्या त्यांच्या रानात पुरण्यात आले. त्याच दशकात जिनीव्हाच्या परिसरात आणखी एक काम सुरू झाले होते. काही स्थानिक शेतकरी आणि निसर्गप्रेमी एकत्र आले. शंभर वर्षे चर खणूनही ज्या सखल शेतांत पाणी साचतच राही, ती त्यांनी एकेक करून मिळवली आणि जमिनीखालचे भाजक्या मातीचे जुने नळ फोडले. काही चरही बुजविले. पाणी आपल्या जुन्या जागी परत येऊन थांबले; देवनळ आणि लव्हाळे उगवले, बगळे आणि रानबदके उतरू लागली. १३,००० एकरांपैकी हजारांवर एकर जमीन अशी पुन्हा ओली झाली आहे. तिला नाव लिम्बरलॉस्ट हेच दिले आहे. ते नाव कोणाला नव्याने शिकवावे लागले नाही.